पायगुण

बुवाने उजवा हात खांद्यापर्यंत बिळात घातला, गाल पाण्याला टेकवला आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की बोटांना जास्त दिसतं, असं तो सगळ्यांना सांगायचा. आज बोटांना काहीच दिसत नव्हतं. आत नुसता चिखल होता, झाडाची मुळं होती, की चांगला हातभर मागूर मासा मिशा पसरून बसला होता, काही पत्ता लागत नव्हता. कोपराला पाणी गार लागत होतं, मनगटाशी जरा कमी लागत होतं, आणि त्यापुढे आपला पंजा आहे हे त्याला केवळ आठवणीने ठाऊक होतं.

तळ्याचा काठ जिथे कोपरा करून वळतो, तिथे पलीकडच्या अंगाला त्याची बायको मांडीएवढ्या पाण्यात उभी होती. मागुराच्या बिळाला दोन तोंडं असतात. पुढच्या तोंडातून बुवाचा हात आत जायचा आणि मागचं तोंड ती पायांनी बंद करायची, टाचा जुळवून, पोटऱ्या मातीला घट्ट लावून. थंडीचे दिवस होते. तिचे ओठ निळसर झाले होते, पण ती हलत नव्हती. त्याच्या शब्दाची वाट बघत होती.

"रिकामं," बुवा म्हणाला.

ती लगेच निघाली नाही. तिने एकदा खाली पाण्यात, आपल्या पायांकडे पाहिलं. मग एक पाय उचलला, थोड्या वेळाने दुसरा, आणि काठ धरत पुढच्या बिळाकडे गेली.

बुवाचं खरं नाव तळ्यावर कुणाला आठवत नव्हतं. सगळे त्याला सुईणबुवा म्हणायचे. ठेवणाऱ्याने ते थट्टेत ठेवलं होतं, पण चिकटलं ते त्याच्या गुणामुळे. बिळात हात गेला की आत कोण आहे, केवढं आहे, डोकं कुठल्या अंगाला आहे, झोपेत आहे की रागात, हे तो घडाघडा सांगायचा. गळ टाकून दिवसभर माशा मारत बसणारेही त्याच्या हाताला मानायचे. मागुराच्या दोन्ही कल्ल्यांमागे एकेक काटा असतो. तो लागला की ठणका डोक्यात जातो आणि धडधाकट माणूस काठावर बसून आईची आठवण काढतो. बुवाची बोटं मात्र त्या काट्यांच्या मधून अशी जायची, की आपण पकडले गेलोय हे माशाला बाहेर आल्यावर कळायचं.

पाण्यात नवराबायकोला तीन शब्द पुरत. मासा असला तर 'आहे'. नसला तर 'रिकामं'. आणि आत अंडी किंवा पिल्लं असली तर 'बाळंतीण'. हा तिसरा शब्द हळू म्हणायचा, आणि म्हटला की काही न विचारता दोघांनी बाजूला व्हायचं. बाळंतिणीला हात लावायचा नाही, हे बुवाच्या वडिलांपासून चालत आलेलं होतं. आता खरं तर मागुराच्या संसारात अंडी राखत बसतो तो नर. मादी मोकळी झाली की आपल्या वाटेने जाते. नवी नवरी होती तेव्हा बुवाच्या बायकोने हे ऐकलं आणि ती इतकी हसली, की तिचे पाय सुटले आणि दोघांच्या संसारातला पहिला मासा मागच्या तोंडातून निसटून गेला. बाळंतपण बाप्याने काढायचं आणि बाईने हिंडायला जायचं, बरं आहे की हे, असं ती पुढे कितीतरी दिवस म्हणत होती.

त्या निसटलेल्या माशापायीच बुवाने तिला आणखी एक नियम सांगितला. मागच्याने बोलायचं नाही. बोललं की अंग हलतं, अंग हललं की पाय हलतात, आणि मासा त्या फटीवर टपलेलाच असतो.

"तू म्हणजे दार," तो म्हणाला होता. "दाराने बोलायचं नसतं."

ती तेव्हा नवी होती, तिने ऐकून घेतलं. पुढे जुनी झाली, जमिनीवर त्याला चार शब्द सुनवायला शिकली, पण पाण्यात तिने तो नियम कधी मोडला नाही. लोक म्हणायचे, हात बुवाचा आणि पायगुण बायकोचा. ती आल्यापासून याची टोपली रिकामी म्हणून आली नाही. बुवाही या कोटीवर मनापासून हसायचा. पाय काय, कुणीही लावील. खरं काम हाताचं, हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. ते सगळ्यांना ठाऊकच आहे असं तो धरून चालला होता.

हाताला मुंग्या यायला लागल्या त्या गेल्या उन्हाळ्यात. आधी करंगळीला आल्या, तेव्हा हात अंगाखाली आला असेल असं त्याने स्वतःला सांगितलं. मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला, तेव्हा त्याने शर्ट घालणं सोडलं आणि डोक्यावरून घालायचा एक जुना स्वेटर काढला. मग एका सकाळी चहाचा गरम पेला त्याने हातात धरला आणि आरामात गप्पा मारल्या; दुपारी पाहतो तर तळव्याला फोड आलेला. एका गळवाल्याच्या मेव्हण्याचं असंच झालं होतं म्हणे, मानेतली नस दबली होती. वर्षानुवर्षं मान वाकडी करून बिळाशी कान लावणाऱ्याची नस दबायची नाही तर कुणाची, असं तो म्हणाला आणि डॉक्टरचा पत्ता द्यायला लागला. बुवाने विषय बदलला. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं त्याच्या मनात आलं. एरवी या विनोदावर तोच आधी हसला असता.

झाकली मूठ सव्वा लाखाची. बुवा मूठ झाकूनच वावरू लागला. दणकट मासा असला आणि त्याने आत उसळी मारली तर ती त्याला कोपरात आणि खांद्यात कळायची, मग तो आवळून धरायचा. असे मासे अजून मिळत होते. पण थंडीत मागूर सुस्तावतो, हात लागला तरी उसळी मारत नाही, हळूच मागे सरकतो. थंडी पडली आणि बुवाच्या तोंडी 'रिकामं' हा शब्द फार येऊ लागला.

त्याच आठवड्यात लेक येऊन गेली होती. ती शहरात एका दवाखान्यात परिचारिका होती, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. बाबा, डोळे मिटा आणि मी कुठलं बोट धरलंय ते सांगा, असं ती जेवता जेवता म्हणाली. बुवाने हात मागे घेतला आणि मी काय कुक्कुलं बाळ आहे का, म्हणून तिला उडवून लावलं. जाताना तिने दोघांना समोर बसवून सांगितलं, की वरची खोली कधीची तयार आहे, जावईही रोज विचारतात, आणि तळ्याकाठचं हे घर काही तुमचं नाही, मासेमारी संस्थेचं आहे. काम आहे तोवर आहे. काम सुटल्यावर संस्थेने घर मागण्यापेक्षा आपणच मानाने निघालेलं बरं. रविवारी संध्याकाळी फोन करते, काय ते एकदाच सांगा.

"तुझे बाबा ठरवतील," बायको म्हणाली होती.

लेक काही वाईट सांगत नव्हती, आणि जावई तर तिच्याहून मऊ. बुवाला धास्ती होती ती वेगळीच. जमिनीवर नवराबायकोचं बोलणं फारसं नव्हतंच. मीठ संपलंय, कडी लावली का, लेकीचा फोन आला होता, संपलं. जे काही होतं ते पाण्यात होतं. तो हात घालून डोळे मिटायचा आणि पलीकडे ती श्वास रोखून उभी राहायची, तेव्हा आपलं कुणीतरी आहे हे त्याला जसं कळायचं, तसं घरात कधी कळलं नाही. हात गेला की ते जाणार होतं. शहरातल्या वरच्या खोलीत ती दोघं कशाच्या दोन तोंडांना उभी राहणार होती?

त्या सकाळी पहिलं बीळ रिकामं, दुसरं रिकामं, तिसरं रिकामं असं करत ती दोघं वठलेल्या झाडापाशी आली. झाडाच्या मुळांखाली तळ्यातलं सगळ्यात मोठं बीळ होतं. त्याला ती दोघं थोरलं घर म्हणायची. एका बिऱ्हाडाने सोडलं की दुसरं येऊन राहायचं. थोरलं घर ओस पडलेलं बुवाने आजवर पाहिलं नव्हतं. त्याने हात घातला, खांदा दाबला, बोटं हलवली असं त्याला वाटलं. काही नाही. आत काय आहे ते त्या बोटांना विचारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि थोरल्या घराला 'रिकामं' म्हणायची काही सोय नव्हती. पलीकडे ती वाट बघत होती.

"बाळंतीण," तो हळूच म्हणाला.

तिने एकदा खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग तिने अगदी सावकाश, पाण्याचा आवाज न करता पाय काढले.

"बरं," ती म्हणाली. "निजू दे तिला."

बुवाचा जीव भांड्यात पडला. त्याने हात बाहेर काढला तेव्हा अंगठ्याच्या मुळातून रक्ताची एक बारीक धार पाण्यात चालली होती. ते पाहून तो स्वतःच चपापला. काटा लागला होता, चांगला खोल लागला होता, आणि त्याला त्याचा काही थांगपत्ता नव्हता. बायको जवळ आली, डोक्याचा रुमाल सोडून तिने त्याच्या हाताला बांधला.

"दगड फार झालेत पाण्यात," ती म्हणाली.

"हो ना," तो घाईने म्हणाला. "दगडच लागला."

खोटं एकदा बोललं की त्याला पिल्लं होतात. दुसऱ्या दिवशी दोन बिळांत बाळंतीण निघाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा थोरल्या घरात. या शब्दाची मोठी सोय होती. 'रिकामं' ऐकून माणूस निराश होतो, पुन्हा एकदा बघा म्हणतो. 'बाळंतीण'वर कुणी काही विचारत नाही. बायकोही विचारत नव्हती. दर वेळी ती तसेच सावकाश पाय काढायची आणि निजू दे म्हणायची. तिचा चेहरा पाहून बुवाला लाज वाटायची, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, आणि भ्यालेल्या माणसाला धड ऋतूही आठवत नाही.

शनिवारी दुपारी टेम्पोवाला आला. तो रोज तळ्यावरचे जिवंत मासे टबांत भरून बाजारात न्यायचा, आणि जाण्याआधी तिथेच काठावर चार गिऱ्हाइकं करायचा. बुवाची टोपली त्याने हाताने तोलली आणि सुईणबाई, हल्ली बाळंतपणं कमी झाली का तुमच्याकडे, असं विचारून तो स्वतःच खो खो हसला. बुवाही हसला. बायको बाजूला टोपली विसळत बसली होती. तेवढ्यात एक बाई आली आणि तिने मागूर मागितला. पोटात गाभोळी असलेलाच हवा होता तिला, घरी नातवंडांना आवडते.

"गाभोळी आत्ता कुठून आणू, ताई?" टेम्पोवाला म्हणाला. "थंडीत मागुराच्या पोटात काही नसतं. पाणी चढलं की अंडी. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

त्याने टबातला एक मासा उचलून त्याचं पाटीसारखं सपाट पोट बाईला दाखवलं. बुवा त्या पोटाकडे बघत राहिला. थंडी. थंडीत अंडी नसतात, अंडी नाहीत तर बाळंतीण कुठली? हे त्याने स्वतः बायकोला शिकवलं होतं, आणि ती ते त्याच्याइतकंच वर्षानुवर्षं बघत आली होती. पाणी उतरल्यापासून पुन्हा चढेपर्यंत तो तिसरा शब्द त्यांच्या तोंडी कधी आलाच नव्हता. गेल्या तीन दिवसांत तो चारदा आला होता.

त्याने वळून बायकोकडे पाहिलं. ती टोपली विसळत होती. टेम्पोवाल्याचं बोलणं तिच्या कानावर पडलं नसेल असं होणं शक्य नव्हतं, पण तिचा हात थांबला नव्हता. टोपली केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ती विसळत होती.

संध्याकाळी ती चुलीपाशी बसली आणि बुवा दाराशी. बोलावं की बोलू नये, यात त्याचा अर्धा तास गेला. ती ठाऊक असून गप्प आहे, की तिच्याही लक्षात आलं नाही? की आता, टोपली विसळताना आलं आणि ती मनात रडते आहे? त्याला तिच्या पाठीवरून काही वाचता येईना. शेवटी त्याने भिंतीकडे बघत विचारलं.

"थंडीत बाळंतीण असते का गं?"

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"असते एखादी अडनिडी," ती म्हणाली. "माझी मावशी नव्हती का, मोठ्या मुलीचं लग्न ठरलं आणि ही बाळंत झाली. लोकांनी तोंडात बोटं घातली. पण झाली ना."

"हो. झाली खरी."

"मग? तुम्ही म्हणालात म्हणजे असेल."

एवढं बोलून तिने त्याचं ताट वाढलं. बुवा खाली बघून जेवला. तिने रागावायला हवं होतं. लबाड म्हणायला हवं होतं. मावशीला मध्ये घालून तिने त्याला सांभाळून घेतलं होतं, आणि सांभाळून घ्यावं लागणाऱ्या माणसाचं पाण्यात काय काम, हा विचार त्याच्या मनातून जाईना. रविवारी लेकीचा फोन येणार होता. त्याने ठरवून टाकलं. सकाळी उठायचं, चहाच्या आधी बायकोला खरं सांगायचं आणि संध्याकाळी लेकीला हो म्हणायचं.

सकाळी तो उठला तेव्हा चहा झाकून ठेवलेला होता आणि बायको घरात नव्हती. दाराशी तिच्या चपलाही नव्हत्या. टोपली गेली होती. बुवा तसाच तळ्याकडे निघाला. धुकं विरळ झालं होतं आणि पाण्यावर कोवळं ऊन होतं. ती वठलेल्या झाडापाशी पाण्यात उभी होती. पण तिच्या जागी नव्हे, त्याच्या जागी. थोरल्या घराच्या पुढच्या तोंडाशी, बाही खांद्यापर्यंत दुमडून.

"आज पाय तुम्ही लावा," ती म्हणाली. "माझे गारठलेत."

इतक्या वर्षांत, कसल्याही थंडीत, तिचे पाय गारठल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. मनात जुळवून आणलेली वाक्यं त्याने गिळली, स्वेटर काढून काठावर ठेवला आणि वळसा घालून मागच्या अंगाला गेला.

मागच्या तोंडाला तो आयुष्यात कधी उभा राहिला नव्हता. लहानपणी वडिलांबरोबर असताना पाय लावायला आई होती आणि त्याला वडील शेजारी घेऊन हात घालायला शिकवत. पाय कुठे ठेवायचे हेही त्याला नीट कळेना. मग तळाशी मातीत दोन खळगे लागले. टाचांचे खळगे होते, शेजारी शेजारी, उभं राहून राहून पडलेले. त्याच्या टाचांना ते लहान होत होते. तरी त्याने टाचा त्यांतच बसवल्या, पोटऱ्या मातीला लावल्या आणि तिच्याकडे पाहिलं. तिने हात आत घातला होता. तिचा हात आखूड, खांदा बुडवूनही पुरत नव्हता. नाकात पाणी जाऊ नये म्हणून हनुवटी वर धरली होती. आणि डोळे मिटले होते, अगदी त्याच्यासारखे.

बुवा शब्दाची वाट बघू लागला.

त्याच्या डाव्या पोटरीला काहीतरी लागलं. दोऱ्यासारखं, मऊ. पुन्हा लागलं, आणखी एक, आणि मग ते सगळे दोरे मिळून त्याचा घोटा चाचपू लागले. मिशा होत्या. त्यामागून एक गार गुळगुळीत अंग दोन्ही पायांना घासत गेलं, सावकाश वळलं आणि थांबलं. मासा हातभर होता. डोकं बायकोच्या डाव्या अंगाला होतं. झोपेतून उठला होता पण रागात नव्हता. पायांना सगळं कळत होतं, एके काळी बोटांना कळायचं तितकंच, किंबहुना त्याच्याही आधी, कारण पुढून हात आला की मासा पहिल्यांदा मागच्या दाराशी येतो.

म्हणजे तिला कळत होतं. या थंडीत तो 'रिकामं' म्हणाला त्या प्रत्येक वेळी ती घोट्याला मासा घेऊन उभी होती. खाली बघायची, थांबायची, आणि त्याचा शब्द खरा व्हावा म्हणून पाय उचलून माशाला वाट द्यायची. आणि फक्त या थंडीतच नव्हे. लग्नापासूनचा प्रत्येक 'आहे' तिला त्याच्या आधी ठाऊक होता, आणि तिने तो दर वेळी त्याला म्हणू दिला होता. बुवाचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत, पाय हलले असते.

"रिकामं," ती म्हणाली.

तिचा हात खरंच पोचला नव्हता, की त्याचाच शब्द ती त्याला परत देत होती, हे त्याला कळलं नाही, आणि पुढेही त्याने कधी विचारलं नाही. शब्द ऐकताच सवयीने त्याची टाच उचलली जाणार होती. त्याने ती पुन्हा खळग्यात दाबली.

"आहे," बुवा म्हणाला.

तिने डोळे उघडले.

"दाराने बोलायचं नसतं ना?"

"दार जुनं झालंय," तो म्हणाला. "कुरकुरतं."

ती हसली. आधी नुसती गालात, मग खांदे हलेपर्यंत, नवी नवरी असताना हसली होती तशी. नाकात पाणी गेलं, ठसका लागला, तरी तिने हात बाहेर काढला नाही. या वेळी पाय मात्र सुटले नाहीत.

"डोकं तुझ्या डावीकडे आहे," बुवा सांगू लागला. "वरून जाऊ नकोस, खालून जा. पोटाखालून. मी त्याला जरा पुढे सारतो. आता मिशा लागतील बघ."

"लागल्या."

"त्यांच्या मागे कल्ला. काट्यांच्या मधून—"

"आई गं," ती म्हणाली.

"लागला?"

"लागला."

"दुखतंय?"

"जीव चाललाय," ती दात आवळून म्हणाली, पण मूठ सोडली नाही.

मासा बाहेर आला तेव्हा दोघांची तोंडं चिखलाने माखली होती. बुवाने टोपलीचं झाकण धरलं, तिने मासा आत सोडला आणि मग कुठे हात झटकत ती काठाला टेकली. अंगठ्याच्या मुळाशीच लागलं होतं, जिथे त्याला लागलं होतं तिथेच. त्याने तिचा हात धरून बघितला. बोटांना काही कळलं नाही, म्हणून त्याने तो आपल्या मनगटावर, जिथून वर अजून सगळं जिवंत होतं तिथे, दाबून धरला. तिचा हात ठणकत होता. तो ठणका त्याला मनगटात लागत होता.

"माझ्या बोटांना काही कळत नाही," तो म्हणाला. सकाळी जुळवलेली सगळी वाक्यं कुठे गेली कोण जाणे, एवढं एकच उरलं होतं.

"हं," ती म्हणाली.

"बाळंतीण नव्हती आत."

"ते मावशीला सांगा."

टोपलीत मासा धडपडत होता. मग तिनेच विषय काढला. संध्याकाळी फोन आला की लेकीला सगळं सांगायचं, तिच्या दवाखान्यात जाऊन मान दाखवायची, हात दाखवायचा. चार दिवस तिच्याकडे राहायचं, नातवंडांचे लाड करायचे आणि परत यायचं.

"हात दाखवून अवलक्षण," तो पुटपुटला.

"अवलक्षण आधीच झालंय," ती म्हणाली. "दाखवायचा तेवढा राहिलाय."

"आणि तिची वरची खोली?"

"खोली कुठे पळून चाललीये?"

तिने रुमालाने अंगठा बांधला, गाठ दातांनी आवळली आणि काठ धरत पुढच्या बिळाकडे निघाली. तिथे पोचल्यावर ती वाकली आणि दुमडलेली बाही पुन्हा वर सारली. बुवा तिच्या बाजूने पुढे गेला, कोपऱ्यावरून वळला, पायांनी मागचं तोंड चाचपलं, टाचा जुळवल्या आणि तिच्या शब्दाची वाट बघत उभा राहिला.